एकानं पाणी, एकानं वारा

"किती?" बाहेरून विचारणा झाली.

"एकशे चाळीस," मी पत्र्याच्या दाराआडून सांगितलं.

"आणि मघाशी?"

"एकशे साठ."

 सिस्टर वहीत लिहीत असणार. मी काचेचं मोजपात्र उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. एकशे चाळीसच. फार तर एकशे बेचाळीस.

"सिस्टर, वीस मिली कमी झालीय."

"हो."

"म्हणजे मूत्रपिंडं बंद पडायला लागली."

"म्हणजे सकाळचा दुसरा चहा तुम्ही घेतला नाहीत. बाहेर या, निवतोय."

त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो, प्राणिशास्त्राचा एम.एस्सी. होतो आणि मरत होतो. यांतल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल उंबरशेतात माझ्याखेरीज कुणालाच खात्री नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त लागलं होतं ते हेच.

हे पंच्याण्णव सालच्या कार्तिकातलं. आदल्या वर्षी प्लेगच्या बातम्या येऊन गेल्यामुळे सगळा देश उंदरांकडे संशयानं बघायला लागला होता. पुण्याच्या ज्या संस्थेत मी चिकटलो होतो तिनं या संशयाला शास्त्रीय रूप द्यायचं ठरवलं. भातपट्ट्यातल्या गावांत जायचं, उंदीर पकडायचे, त्यांच्या रक्तात एका विशिष्ट कुळातले विषाणू आहेत का ते बघायचं, आणि त्याच गावातल्या चाळीस माणसांचं रक्तही तपासायचं. माझी नेमणूक सहा महिन्यांची होती. आमच्या प्रमुख डॉ. दाबके. बाईंनी निघताना सांगितलं होतं, "रणपिसे, उंदीर कुणीही पकडतं. माणसं आणा. चाळीस नमुने आले तर मुदतवाढ. एकोणचाळीस आले तर तुमच्या मामांचा तो क्लास आहेच."

मामांच्या क्लासात नववीला विज्ञान शिकवायचं हे माझ्या आयुष्यावरचं कायमचं सावट होतं.

पाच दिवसांत मी उंबरशेतात एकसष्ट उंदीर पकडले. पिंजऱ्यात कांदाभजी लावली की उंदीर शहाण्यासारखा आत येतो. माणसांच्या बाबतीत आकडा शून्य होता. मारुतीच्या पारावर मी भाषण दिलं. हे विषाणू एकाच कुळातले, उंदीर-घुशींच्या पोटी राहणारे. त्यांच्या लघवीतून, लेंड्यांतून बाहेर पडतात, वाळतात, झाडलोट केली की धुळीबरोबर नाकात जातात. कूळ एक असलं तरी आजार वेगळा. आशियात आणि युरोपात त्यांचे जे भाऊबंद आहेत ते माणसाची मूत्रपिंडं धरतात. अमेरिकेतले फुप्फुसं धरतात. दोनच वर्षांपूर्वी तिकडे धडधाकट तरुण माणसं चार-सहा दिवसांत गेली.

"हितं किती गेली?" गेनूतात्या मरळांनी विचारलं. तात्या गावातले जुने पंच. भाषणात पहिल्या रांगेत बसायचे आणि पहिली शंका काढायचे.

"इथं... आपल्या माहितीत, एकही नाही."

"मंग?"

"म्हणूनच शोधायचं आहे, तात्या."

"म्हंजे जे न्हाई ते शोधाया आलाय," तात्या म्हणाले, आणि पार रिकामा झाला.

भाषणाला जोड म्हणून मी तीन पोस्टरं रंगवली होती. ती गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लावली. तिथल्या नर्स वैजयंता खुटवड यांनी खिळे दिले, हातोडी दिली, आणि पोस्टरं सरळ लागली आहेत की नाहीत ते लांब उभं राहून सांगितलं. वय चोवीस-पंचवीस. दोन वर्षांपूर्वी इथं बदलून आलेल्या. उपकेंद्राच्या दोन खोल्या, त्यातली मागची त्यांची. पुढच्या खोलीत तपासणीची एक लोखंडी खाट, एक लसींची पेटी आणि भरपूर शांतता.

"इथं पेशंट येत नाहीत का?" मी विचारलं होतं.

"येतात की. सर्पदंश झाला आणि भगत गावाला गेलेला असला, तर."

"मग तुम्ही काय करता?"

"घरोघर जाते. ते दार लावून घेतात. दुसऱ्या दिवशी परत जाते." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की जणू बदलीच्या हुकमातच तसं लिहिलेलं होतं.

आता ज्या गाढवपणामुळे मी मरायला टेकलो, तो सांगायला हवा.

शुक्रवारी दुपारी गेनूतात्यांच्या घरी पिंजरे लावायला गेलो. मळणी होऊन नवं भात पोत्यांनी कणगीच्या खोलीत आलेलं होतं, आणि ते कणगीत भरण्याआधी खोली साफ व्हायची होती. कोपऱ्यात लेंड्यांचा सडा होता. मी सांगितलं, की कोरडं झाडू नका. दारं-खिडक्या उघडा, ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, ओलं झाल्यावर पुसून घ्या. पोस्टर नंबर एक.

तात्यांच्या कारभारणीनं, हौसाबाईंनी, कमरेवर हात ठेवला.

"कणगीच्या खोलीत पानी?"

"थोडंसंच, काकू."

"आमच्या सासूनं चाळीस वरसं ह्या खोलीत वलं पाऊल पडू दिलं न्हाई. भाताला बुरशी धरली तर वरीसभर तुमी घालनार का आमास्नी जेवाया?"

"पण विषाणू..."

"ते दिसत्यात का?"

"नाही."

"बुरशी दिसती." हौसाबाईंनी केरसुणी माझ्यापुढे धरली. "का सायेबांस्नी केर काढता येत न्हाई?"

मागे उभ्या असलेल्या पाच-सात बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या क्षणी मी प्राणिशास्त्र विसरलो. वर्षानुवर्षांचा कोंडा, धूळ आणि लेंड्या मी त्या बंद खोलीत खसाखसा झाडून काढल्या. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्यात धूळ सोन्यासारखी चमकत होती. ती मी छाती भरभरून घेतली. नर्सबाई लसीकरणाला म्हणून त्याच आळीत आल्या होत्या. त्या दाराशी थांबल्या.

"साहेब, पोस्टर नंबर एक."

"एकदा चालतं," मी म्हणालो.

दिवेलागणीला मला हुडहुडी भरली. अंगात एकशे दोन ताप, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी, आणि कंबर तर कुणी खुरप्यानं खणत असावं अशी दुखत होती. मी मुक्कामाच्या शाळेतून कसाबसा उपकेंद्रावर गेलो आणि लोखंडी खाटेवर आडवा झालो. खबर ऐकून हौसाबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"कोंडा चढलाय," त्या म्हणाल्या. "नव्या मानसाला चढतोच. आमच्या जावयबापूस्नी पयल्या मळनीला असाच चढला व्हता. पेज द्या, दोन दिसांत उठून बसंल."

मी त्या अडाणी, मायाळू बाईकडे पाहून क्षीण हसलो. मरताना माणूस क्षमाशील होतो.

त्या गेल्यावर मी नर्सबाईंना सगळं समजावून सांगितलं. कंबर दुखते म्हणजे मूत्रपिंडं. खोकला येतो म्हणजे फुप्फुसं. दोन्ही आघाड्या एकदम उघडल्या आहेत. संस्थेची जीप दुपारीच नमुने घेऊन पुण्याला गेली होती आणि सोमवारी येणार होती; एस.टी.चे हिसके माझी मूत्रपिंडं सोसणार नव्हती. तोवर मी टिकलो तर ठीक.

त्यांनी माझी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, तापाची गोळी दिली. मग उठून भिंतीपाशी गेल्या आणि माझं पोस्टर नंबर तीन बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल, ते लपवत असतील.

"बरं," त्या वळून म्हणाल्या. "काय काय मोजायचं?"

मला भरून आलं. अख्ख्या गावात शास्त्र समजणारं एक तरी माणूस होतं.

मोजायच्या गोष्टी दोन होत्या. मूत्रपिंडांसाठी लघवी, फुप्फुसांसाठी मिनिटाला किती श्वास. त्यांनी लांबट वही काढली, पट्टीनं रकाने आखले. पहिल्यावर 'लघवी' लिहिणार तोच थांबल्या. "येणारं-जाणारं वाचतं," त्या म्हणाल्या, आणि एका रकान्यावर लिहिलं 'पाणी', दुसऱ्यावर 'वारा'.

रात्री सोबतीला गेनूतात्या ओसरीवर येऊन झोपले आणि माझ्यापेक्षा जास्त खोकले.

शनिवार उजाडला तो गर्दी घेऊन. उंदीरसाहेबाला उंदराचा रोग झाला ही बातमी गावातल्या एकाही माणसाला घरात बसू देईना. पाच दिवस ज्यांनी मला दार उघडलं नव्हतं ते दारात चपला काढून आत येत होते, खाटेभोवती उभे राहून माझ्याबद्दल माझ्यादेखत बोलत होते.

"रंग बरा हाय की."

"आतून पोखरतो म्हनं. बाहेरून कळत न्हाई."

"लगीन झालंय का?"

"न्हाई."

"मंग बरं झालं."

नर्सबाई कुणालाही हाकलत नव्हत्या. उलट रांग लावत होत्या. "बघायचंय ना? या. बाळाला आणलंय का? मग आधी इकडे, डोस राहिलाय त्याचा. आत्या, तुम्ही बसा, हात द्या, रक्तदाब बघते, तोवर त्यांचा श्वास मोजून होईल." मला पाहायला आलेली बाई मूल टोचून घेतल्याशिवाय बाहेर पडत नव्हती. दुपारपर्यंत लसींची पेटी अर्धी झाली. मी पडल्या पडल्या हे बघत होतो आणि माणसं माझ्या दुःखात पुरेशी मग्न नाहीत याची खंत करत होतो.

अधूनमधून हाक यायची, "साहेब, तास झाला." मग मी मोजपात्र घेऊन मागच्या बाजूला जायचो. सगळी ओसरी उत्सुकतेनं वाट बघायची. परत आलो की आकडा जाहीर व्हायचा.

"एकशे सत्तर!"

"वाडला की!"

"पेज पाजली ना मी," हौसाबाई श्रेय घ्यायच्या.

सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर मी दाबकेबाईंना पत्र पाठवलं होतं. त्यात दोन्ही आघाड्यांवरची लक्षणं सविस्तर दिली होती. शेवटी 'माझ्या पश्चात पिंजरे मोजून परत घ्यावेत' असंही लिहिलं होतं. उत्तर रविवारी दुपारी त्याच कंडक्टरबरोबर आलं. मी आडवाच होतो म्हणून नर्सबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. ओसरीवर तेव्हा वीसेक माणसं होती.

"रणपिसे, पत्र मिळाले. तुम्हांला मूत्रपिंडाचा आजार झाला आहे की फुप्फुसाचा, हे आधी ठरवा. विषाणूंचे कूळ एक असले तरी साधारणपणे प्रत्येकाने आपापला अवयव आणि आपापला मुलूख वाटून घेतला आहे. तुम्ही आशियात आहात, तेव्हा मूत्रपिंडांवर समाधान मानावे. फुप्फुसवाला अमेरिकेत असतो, आणि त्याचा उंदीरही तिथेच असतो. तो पोहत उंबरशेतास आला असल्यास कृपया पकडून पाठवावा, आपण दोघे मिळून निबंध लिहू. पिंजरे मोजलेले आहेत. माणसांचे नमुने किती झाले ते कळवले नाहीत. दाबके."

 अपमान सगळ्यांना समजला होता, शास्त्र कुणालाच नाही.

"म्हंजे कसं?" एकजण म्हणाला. "येकाच घरचं दोन रोग, आन येक हितं धरतो, येक तितं?"

मी खाटेवर कोपरावर उठलो. विषाणूचं आवरण, पेशींवरचे ग्राही रेणू, असं काहीतरी सुरू केलं. दोन वाक्यांत निम्मी ओसरी बाहेर बघायला लागली. तेव्हा गेनूतात्यांनी वही उचलली. बोटानं रकाने दाखवत वाचलं, "पानी. वारा." आणि त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो उजेड पडला.

"आरं, ही तर आमची भावकी!"

"म्हंजे?"

"आमचा धोंडिबा बघा. माज्या सख्ख्या चुलत्याचा. त्यानं काय केलं? वरच्या खाचराचा बांध चढवला. माजं पानी बंद. आन बाबूराव, त्यो बी चुलत्याचाच, धाकल्याचा. त्यानं खळ्याला लागून भिंत घातली. भात उफनाया वारंच न्हाई. आज्जा येक, देव्हारा येक. पर येकानं माजं पानी धरलं आन येकानं वारा. दोघंबी दोन्ही करतील? न्हाई करनार. ज्याची त्याची खोड ठरलेली."

ओसरीभर एकदम "हां हां" झालं. माझं अर्ध्या तासाचं भाषण जिथं पोचलं नव्हतं तिथं धोंडिबाचा बांध एका झटक्यात पोचला.

"आन तिसरा?" कुणीतरी विचारलं. "तुमचा जगन्नाथ? मुंबैचा?"

"त्यो काय बी करत न्हाई. दिवाळीला येतो, जेवतो, जातो."

"असाही एक आहे," मी न राहवून म्हणालो. "चिचुंद्रीत सापडलेला. माणसाला काही करतो असं अजून तरी दिसलेलं नाही. आणि युरोपात थंडीकडे एक आहे, तोही मूत्रपिंडच धरतो, पण बेतानं. माणूस बहुधा बरा होतो."

"ती आमची आत्या," तात्या म्हणाले. "नुसती कुरकुरती." मग त्यांना खरी शंका आली. "पर सायेब, ज्या उंदराच्या पोटी हे ऱ्हात्यात, त्याला काय हुतं?"

"काहीच नाही. तो मजेत असतो."

"घरच्याला काय न्हाई, बाहेरच्याचा जीव घेत्यात," तात्या समाधानानं मागे टेकले. "मंग भावकीच. कागदावर घ्या."

मला त्या दिवशी ताप नव्हता. हेही वाईटच लक्षण होतं, कारण या आजारात आधी ताप उतरतो आणि मग मूत्रपिंडं जातात. मी हे नर्सबाईंना बजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आज दर तासाला दोनदा मोजू." आणि खरंच दिवसभर त्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसल्या. मी मेल्यावर काय काय व्हावं हे सांगितलं, त्यांनी मटार सोलता सोलता ऐकलं. शाळेत असताना नाटकात झाड झालो होतो तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "कसलं झाड?" मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

सोमवारी सकाळी आठ वाजता उपकेंद्रापुढे आरडाओरडा झाला.

"कुटं हाय त्यो गेन्या? मला मुतखड्याचा रोग म्हनतोस व्हय रं?"

धोंडिबा मरळ आले होते. त्यांच्यामागोमाग, दहा पावलांचं अंतर राखून, बाबूराव मरळ. दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरीही रोग ठरवलं जाण्याच्या अपमानात दोघांचं एकमत होतं.

"मी रोग न्हाई म्हनलं," तात्या शांतपणे म्हणाले. "मी म्हनलं, रोग तुज्यागत हाय."

"माजं रगत तपासा!" धोंडिबांनी सदऱ्याची बाही वर केली. "आत्ताच्या आत्ता! बघू द्या गावाला, कुनाचं रगत नासकं हाय ते!"

नर्सबाई पुढे झाल्या. "काका, हे रक्त कशाला घेतात ते आधी ऐका. तुम्ही चांगले की वाईट, हे यात दिसत नाही. उंदराच्या विषाणूशी तुमच्या अंगाची कधी गाठ पडली होती का, एवढंच कळतं. पुण्याला जाईल, महिन्याभरानं उत्तर येईल. नको असेल तर देऊ नका. कुणाची जबरदस्ती नाही."

"गाठ पडली असंल तर?"

"तर तुम्ही तिला पुरून उरलात, असं होतं."

धोंडिबांनी छाती फुगवली आणि तपासणीच्या स्टुलावर बसले. ते पाहून बाबूरावांचा धीर सुटला.

"त्याचं आधी का? मी थोरला हाय!"

"चुलत थोरला."

"थोरला तो थोरला!"

मग त्या घराण्याची शाखा म्हणून जे जे कुणी होतं ते बाह्या वर करून आलं. धोंडिबांचे चार मुलगे आले म्हणून बाबूरावांचे तीन आणि दोन जावई आले. तात्यांकडचे मागे राहतात थोडेच? आणि मरळ एवढे आले म्हटल्यावर खालच्या आळीतल्या शिंद्यांनी विचारलं, की आमचं रक्त काय हलकं आहे का?

"साहेब," नर्सबाईंनी खाटेकडे न बघता हाक मारली, "उठा. मला दोनच हात आहेत."

मी उठलो. सुया उकळत ठेवल्या, नळ्यांवर नावं घातली, दंडाला रबरी पट्टी बांधली. दर माणसाला नर्सबाई तेच समजावून सांगत होत्या आणि दर माणूस आधीच्या माणसापेक्षा जास्त रक्त घ्या म्हणून हटून बसत होता. अकरा वाजता मी शेवटच्या नळीवर आकडा टाकला. त्रेचाळीस. मामांचा क्लास माझ्या डोळ्यांपुढून धूसर होत गेला. मग एकदम आठवलं, की सकाळपासून मी मोजलेलंच नाही. श्वासही नाहीत. त्या नादात मी मरायचं विसरून गेलो होतो.

दुपारी हौसाबाईंनी भात अंगणात उन्हात पसरलं, कणगी बाहेर काढली आणि रिकाम्या खोलीत ब्लीचिंगचं पाणी शिंपडलं. "आधी भात भाईर काडा म्हनला असता," त्या मला म्हणाल्या, "तर मी कशाला नाट लावला असता? तुमी खोली सांगितली, भाताचं सांगितलंच न्हाई."

जीप आली. मी नमुन्यांची पेटी मांडीवर घेऊन पुण्याला गेलो. एकसष्ट उंदीर आणि त्रेचाळीस माणसं, कुणाच्याही रक्तात काहीही निघालं नाही. दाबकेबाईंनी अहवालात एक ओळ लिहिली, 'आढळले नाही', आणि मला वर्षाची मुदतवाढ दिली. माझ्या रक्तात भाताच्या धुळीचा राग तेवढा होता. कोंडा चढणं हे खरंच असतं, बुरसट कोंडा नाकात गेला की काही तासांत ताप येतो आणि दोन दिवसांत जातो, हे मला पुढे एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात सापडलं. हौसाबाईंनी ते एका वाक्यात सांगितलं होतं, पण त्यांच्या वाक्याला तळटीप नव्हती.

चुकून माझ्या सामानात आलेलं मोजपात्र परत करायला मी पौषात उंबरशेतला गेलो. मग पोस्टरं उतरवायला गेलो. मग खिळे परत करायला. चौथ्या खेपेला गेनूतात्या म्हणाले, "सायेब, आता परत द्यायला तुमच्याकडं काय ऱ्हायलं न्हाई. मागायचं असंल ते मागा." मी मागितलं. लग्नात पाणी धोंडिबांनी वाढलं, आणि बाबूरावांनी मंडपासाठी ती खळ्याची भिंत चार हात पाडून दिली. ती पुन्हा कुणी बांधली नाही.

ही गोष्ट मी गेली अठ्ठावीस वर्षं सांगत आलो. सेवानिवृत्तांच्या मेळाव्यात, मुलीच्या साखरपुड्यात, एकदा तर टॅक्सीत. माझ्या सांगण्यात ताप एकशे चारपर्यंत जातो आणि मरणाच्या दारातून उठून मी त्रेचाळीस नमुने घेतो. वैजयंता शेजारी बसून ऐकते आणि कधीही मध्ये बोलत नाही. मला तिच्या या गुणाचा अभिमान होता.

मागच्या महिन्यात मला मुतखडा झाला. खरा, पाच मिलीमीटरचा, फोटोत दिसणारा. डॉक्टरांनी सांगितलं, की भरपूर पाणी प्या आणि चार दिवस लघवी मोजा. घरात आल्यावर वैजयंतानं माळ्यावरून मोजपात्र काढलं, घासलं आणि माझ्या हातात दिलं.

"किती?" न्हाणीघराबाहेरून विचारणा झाली.

"एकशे ऐंशी."

"नीट बघून सांगा. या खेपेला खरं दुखणं आहे."

मी दार अर्धवट उघडलं. "या खेपेला म्हणजे?"

ती स्टूल टाकून बसली होती. मांडीवर वही.

"पोस्टर नंबर तीन," ती म्हणाली. "तुमचंच अक्षर, लाल शाईत. 'लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात.' तुम्ही दुपारी झाडलंत आणि दिवेलागणीला मरायला टेकलात."

"म्हणजे तुला शुक्रवारीच..."

"हौसाकाकूंनी सांगितलं होतंच. मी फक्त ताळा करून घेतला. छाती स्वच्छ होती तुमची."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून शाळेत गेला असता. दोन वर्षं त्या ओसरीवर कुणी चढलं नव्हतं हो. तुम्ही आडवे झालात आणि सगळं गाव आलं. शनिवारी एका दिवसात एकवीस पोरं टोचली मी."

मी हिशेब केला. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, तेवढं शास्त्र मला येतं.

"शनिवार समजला. पण रविवारी? पेटी तर संपली होती. ताप उतरला होता. गावही दुपारनंतर पांगलं. रविवारी दर तासाला दोनदा कशाला मोजत बसलीस?"

ती पेन्सिलीचं टोक बघायला लागली. त्रेपन्न वर्षांची बाई लाजली तर कशी दिसते, हे मी त्या दिवशी न्हाणीघराच्या दारातून पाहिलं.

"रविवारी मला सुट्टी असायची," ती म्हणाली. "तो माझा होता. आता दार लावा आणि नीट बघा."

मी दार लावलं. मोजपात्र उजेडाकडे धरलं आणि पुन्हा पाहिलं.

"एकशे ब्याऐंशी," मी म्हणालो.

बाहेर पेन्सिल चालू झाली.